चित्रात कुठली वेळ आहे

चित्र संपलं की नाही हे मला स्वतःला कधी कळलं नाही. ते बायको सांगायची. ती गेल्यावर मी एकच चित्र काढलं, आणि ते संपलं की नाही हे विचारायला कुणी नव्हतं. त्या चित्राबद्दल लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात आहे. लिहायची सवय नाही. शाळा चौथीपर्यंत. अक्षरं मात्र जन्मभर काढली, दुकानांच्या पाट्यांवर, हातभर उंचीची. एवढी बारीक काढताना बोटं कुरकुरतात.

पोरवयात मी मिरजेकडे नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे रंग कालवायला होतो. पुढे ओळखीनं दिल्लीला आलो आणि पहाडगंजात एका पाटीवाल्याकडे लागलो. लॉजच्या पाट्या, ढाब्यांच्या पाट्या. 'गरम पानी चौबीस घंटे' हे मी इतक्या वेळा लिहिलंय की झोपेत लिहीन. आमच्या स्वतःच्या खोलीत गरम पाणी नव्हतं. वर्षातून एकदा गणपतीत इथली मराठी मंडळी नाटक बसवायची आणि पडद्याला मला बोलवायची. नदीकाठ, देऊळ, डोंगर, जे लागेल ते. ते माझं आवडीचं काम. बाकी सगळं पोटाचं.

पडदा झाला की मी बायकोला हाक मारायचो. ती पदराला हात पुसत गच्चीवर यायची. मी विचारायचो, "कुठली वेळ आहे?"

चित्रातली वेळ. हा आमचा रिवाज लग्नानंतर पहिल्याच वर्षी पडला, कसा ते आता आठवत नाही. तिनं घड्याळातली वेळ कधी सांगितली नाही. तिची वेळ कामाची. "दूध आणायची." "पोरगी शाळेतून यायची." एकदा म्हणाली, "दळण आणायची वेळ आहे, पण ऊन बघा केवढं. मी नाही जाणार." माझ्या मनातली वेळ आणि तिची वेळ जुळली की मी कोपऱ्यात नाव घालायचो. ती नुसती उभी राहिली, काही बोलली नाही, तर समजायचं की अजून काम बाकी आहे. चित्र छान आहे का, हे मी तिला कधी विचारलं नाही. छान म्हणायला वाटेवरचा माणूसही पुरतो.

झाड कुणीही काढतं. झाडाभोवतीची हवा काढता आली पाहिजे. ती जमली की बघणाऱ्याला काहीतरी करायचं राहिलेलं आठवतं. मला एवढंच समजतं. मोठ्या चित्रकारांना आणखी काय काय समजत असेल, ते त्यांना ठाऊक.

एका गणपतीत मंडळानं कोकणातल्या गावाचं नाटक घेतलं. मागे खाडी, पलीकडे डोंगर, माड. वेळ दिवेलागणीची. मांजरपाटावर सरसातले रंग, मनापासून रंगवलं. बायकोला बोलावलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"दूध आणायची वेळ," म्हणाली. "संध्याकाळचं."

"मग बरोबर आहे की."

"बरोबर आहे. पण हे आपल्या कोपऱ्यावरचं दुधाचं बूथ आहे. इथून पुढे गेलं की ते बूथ दिसेल असं वाटतंय."

मी उडवून लावलं. दुसऱ्या दिवशी मंडळाचे सेक्रेटरी आले. सरकारी हापिसात मोठ्या जागेवर होते, मूळचे रत्नागिरीकडचे. पडद्यासमोर उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पेंटर, ही खाडी आहे का यमुना?"

"खाडी आहे साहेब. हे बघा माड."

"माड आहेत हो. यमुनेकाठी माड कुणी लावले, तेच विचारतोय."

सगळे हसले. मीही हसलो, कारण मला तेव्हा दिसलं. लांबचा डोंगर मी मातकट काढला होता. पिवळ्या पेवडीत पांढरा, त्यात चिमूटभर काजळी. कोकणात लांबचं जे काय ते निळं होतं, ओल्या हवेत. दिल्लीत लांबचं पिवळट होतं, मग राखाडी होतं, मग नाहीसं होतं. इतकी वर्षं मी हेच बघत होतो, हात तेच कालवायला लागला होता. मला न विचारता.

रात्रीत डोंगर निळा केला. नाटक झालं, टाळ्या पडल्या. घरी येताना बायको म्हणाली, "निळा डोंगर चांगला दिसला."

"पण?"

"पण काय? आता आपण इथलेच झालो, एवढंच."

मग नव्वद सालानंतरचे दिवस आले. गुडगावात शेतं विकली जायला लागली आणि शेताच्या बांधावर पत्र्याचे मोठमोठे बोर्ड उभे राहायला लागले. त्यावर उद्या तिथं काय होणार त्याचं चित्र. पाटीवाल्याचा धंदा मंदावला होता, मी बोर्डाकडे वळलो. बांबूच्या परांचीवर बसून दिवसभर ऑइलपेंटमध्ये इमारती काढायच्या. खाली हिरवळ, वर आभाळ. बिल्डरचा माणूस खालून ओरडायचा.

"पेंटर बाबू! बादल मत डालो! पब्लिक समझेगी यहां पानी भरता है!"

ढग पुसले.

"ये साया क्यूं बनाया?"

म्हटलं, इमारत उभी आहे तर तिची सावली पडणारच.

"साया पडेगा तो पूछेंगे धूप किधर से आती है। हमारा हर फ्लॅट ईस्ट फेसिंग है, समझे?"

सावली पुसली. सगळ्या बाजूंनी पूर्वेकडे तोंड असलेली इमारत मी काढली, ऊन कुठूनच येत नाही अशी. त्याचं काही चुकत नव्हतं. त्याला फ्लॅट विकायचे होते. मला पैसे मिळत होते आणि पहाडगंजच्या खोलीतून पोरीला बाहेर काढायचं होतं.

पहिला बोर्ड झाला तेव्हा बायकोला बसनं घेऊन गेलो. विचारलं, "कुठली वेळ आहे?"

तिनं मान वर करून पाहिलं. मग म्हणाली, "अहो, इथं बाईला काही कामच नाही."

"म्हणजे?"

"कुठल्याच कामाची वेळ नाही इथं. नुसतं बसायचं." आणि हसून म्हणाली, "चांगलं आहे की. असा एक घ्या माझ्यासाठी."

त्या दिवशी आम्ही जेवायचा डबा नेला होता. बसायला जागा नव्हती म्हणून बोर्डाच्या मागे गेलो. मागून बोर्ड म्हणजे नुसता गंजका पत्रा आणि लोखंडी पट्ट्या. तिथं सिमेंटचे मोठे पाईप पडले होते, त्यातल्या एकावर बसलो. समोर मोहरीचं शेत. थंडी उतरणीला लागली होती. पलीकडे कीकराची, म्हणजे आपल्या बाभळीसारखी झाडं, त्यापलीकडे जुनं गाव, आणि गावाच्या बाजूला एक अर्धवट इमारत, वर सळया निघालेली. पुढच्या बाजूला ज्या बोर्डावर सावलीला बंदी होती, त्या बोर्डाचीच सावली आमच्या डोक्यावरून जाऊन मोहरीत लांबवर पडली होती.

जेवून झालं. ऊन कललं. गावात बायकांनी गोवऱ्या पेटवल्या असाव्यात. थंडीत धूर वर चढत नाही. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर तो आडवा पसरला, शेतावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चादर झटकून अंथरावी तसा. मोहरीचा पिवळा रंग त्यात विझत गेला. कीकराची खोडं दिसेनाशी झाली, शेंडे तेवढे राहिले. ती सळयांची इमारतसुद्धा बरी दिसायला लागली. मागे वळून बोर्डाच्या कडेनं पाहिलं तर सूर्याकडे डोळे न मिटता बघता येत होतं.

मी बघत बसलो. ती उठली.

"अहो, चला."

"थांब की जरा."

"कपडे आत घ्यायची वेळ झाली. गच्चीवर तसेच आहेत सगळे. दवानं भिजले की उद्या पोरगी ओला युनिफॉर्म घालून जाणार का?"

"पाच मिनिटं."

"तुमचं काय, तुम्ही आभाळ खाऊन राहाल." डबा पिशवीत घातला आणि चालायला लागली. मी मागे गेलो. बसमध्ये ती खोकत होती. धुरानं खोकतेय म्हटलं. तेव्हा खोकला म्हणजे खोकलाच होता.

पुढे आम्ही गुडगावात फ्लॅट घेतला. त्या शेतात नाही, तिथं आता मॉलचं पार्किंग आहे. दोन सेक्टर सोडून, साध्या सोसायटीत. पश्चिमेकडे तोंड असलेला. बायको म्हणाली, बरं झालं, कपडे वाळतील. थोड्याच दिवसांत फ्लेक्स आलं. कॉम्प्युटरवर चित्र, मशीनमधून कापड, संध्याकाळपर्यंत बोर्ड उभा. मला कुणी बोलवेना. मंडळानंही पडद्याच्या जागी फ्लेक्स लावलं. निळे डोंगर, एकदम निळे. पोरगी शिकली, एका कॉल सेंटरला लागली. रात्री गाडी न्यायला यायची, सकाळी सोडायची. दिवसा ती जाड पडदे ओढून झोपायची.

बायकोची छाती दर थंडीत भरायला लागली. आधी औषध, मग वाफ, मग ते श्वासाचं मशीन. डॉक्टर म्हणाला, "माताजी को सर्दियों में यहां से बाहर ले जाइए।" एका हिवाळ्यात तिला सांगलीला बहिणीकडे ठेवली. तिकडे ती बरी होती, जिना न थांबता चढायची. तरी ठरल्याआधीच परत आली.

म्हटलं, "का आलीस?"

"तिथं लांबचं सगळं फार स्पष्ट दिसतं हो. डोळे दुखतात."

हे ती चेष्टेनं म्हणाली का खरं, मला आजही माहीत नाही. पुढच्या पौषात ती गेली. हॉस्पिटलच्या खिडकीतून समोरची इमारत दिसत नव्हती, इतकं धुकं आणि धूर होता. त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही. जे सगळ्यांकडे होतं ते झालं.

वर्षभर मी ब्रशला हात लावला नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर पुढच्या खोलीत भिंतीला एक हार्डबोर्ड टेकवला आणि ते मोहरीचं शेत काढायला घेतलं. पोरीनं विचारलं, "हे कशाला, बाबा?" म्हटलं, वेळ जात नाही. ते खोटं नव्हतं, पण खरं दुसरं होतं. मला बघायचं होतं की तिच्याशिवाय मला एक तरी चित्र संपवता येतं का. नाही आलं तर माझ्या हातात स्वतःचं असं काही नव्हतंच, जे होतं ते दोघांचं होतं आणि ते संपलं.

शेत काढलं. कीकर काढले. गाव, सळयांची इमारत, बोर्डाची लांब सावली. पाईपवर माणसं काढली नाहीत. माणसं मला नीट येत नाहीत. धूरही काढला नाही.

धूर मुद्दाम काढला नाही. ज्यानं तिला खाल्लं, ते मी हातानं रंगवायचं आणि वर सुंदर दिसावं म्हणून खटपट करायची? ते काही मला पटेना. मी हवा स्वच्छ ठेवली. लांबचं गाव घर आणि घर दिसेल असं काढलं.

आणि चित्र मेलेलं राहिलं. सावली होती, कललेलं ऊन होतं, तरी बिल्डरचं आभाळ. कुठल्याच कामाची वेळ नाही. मी ते भिंतीकडे तोंड करून ठेवायचो, बाजारात जाऊन यायचो, एकदम फिरवायचो आणि स्वतःला विचारायचो, कुठली वेळ आहे? पण ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्याला विचारून काय उपयोग. पोरीनं जाता येता पाहिलं. "छान आहे, बाबा." म्हटलं, हं.

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी खोलीत धुराचा वास आला. बाल्कनीत जाऊन पाहिलं तर खाली पार्काच्या कडेला सोसायटीच्या गार्डनं वाळका पाला पेटवला होता आणि त्यावर हात शेकत बसला होता. माझं डोकं फिरलं.

"अबे, बुझा उसको!"

"बाऊजी, ठंड है."

"ठंड है तो अंदर बैठ! लोगों की छाती का कुछ खयाल है?"

"बस दो मिनट, बाऊजी. आप भी आ जाओ."

मी आणखी चार शब्द बोलणार होतो. पण धूर वर येत नव्हता. झाडांच्या बुंध्यांशी आडवा झाला होता, समोरच्या इमारतीचे खालचे मजले त्यात गेले होते आणि वरचे नुसतेच अधांतरी. त्या इमारतीत मी रोज वाळत घातलेली अंथरुणं आणि ए.सी.चे खोके बघतो, तिच्यात बघण्यासारखं काही नाही. त्या सकाळी होतं. सुंदर दिसत होतं. त्याचाच मला जास्त राग आला. तिला या हवेनं मारलं आणि ही हवा अशी दिसते. दोन्ही खरं आहे. त्यातलं एक मी ठेवलं होतं आणि एक पुसलं होतं, बिल्डरनं ढग पुसायला लावले तसं.

आत आलो. पांढऱ्यात काजळी, किंचित पेवडी, टर्पेंटाइननं पातळ केलं. कोरड्या ब्रशनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवं नेलं आणि चिंधीनं पुसत गेलो. चिंधी तिच्याच जुन्या पातळाची. आमच्या घरात ब्रश पुसायला दुसऱ्या चिंध्या कधी नव्हत्याच. घातलेलं बरंचसं पुसायचं, थोडं राहू द्यायचं. तसं केलं तर धूर, नाहीतर चुना. कीकराची खोडं गेली. गावातली घरं मी मोठ्या कष्टानं काढली होती, ती गेली. मोहरी विझली.

काम झालं तेव्हा पोरगी उठली. रात्रपाळी करून सकाळी झोपलेली, केस विस्कटलेले, शाल पांघरलेली. तिच्या खोलीत जाड पडद्यांमुळे दिवस का रात्र काही कळत नाही. पुढच्या खोलीचे पडदेही मी चित्रावर चमक येऊ नये म्हणून ओढून घेतले होते, ट्यूबलाइट लावली होती. ती येऊन दिवाणावर बसली, चित्रासमोरच. विचारावं असं तोंडाशी आलं. विचारलं नाही. ते विचारायची सवय एकाच माणसाशी होती. शिवाय शेतावर काय बोलणं झालं ते तिला माहीत असायचं कारण नव्हतं. ती तेव्हा शाळेत होती, आणि आम्ही घरी जाऊन असलं काही सांगत नव्हतो.

"चहा करू?" मी विचारलं.

ती चित्राकडे बघत होती. डोळे अर्धे मिटलेले. मग एकदम ताठ बसली.

"अरे यार, कपडे!"

"काय?"

"कपडे बाहेर आहेत ना, बाबा! आत घेतले नाहीत कुणी, ओले होतील." शाल तिथंच टाकली आणि अनवाणीच स्वयंपाकघरातून मागच्या बाल्कनीकडे पळाली. दार उघडल्याचा आवाज आला. मग ती परत आली, डोळ्यांवर हात धरून.

"ऊन आहे की बाहेर. कपड्यांतून तर पाणी गळतंय अजून." माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच तिला उठवून पळवलं. "किती वाजले?"

"बाराही वाजले नसतील."

"मला वाटलं संध्याकाळ झाली. एकदम वाटलं, उशीर झाला."

"झोप जा."

"हं." जाता जाता दारात थांबली, चित्राकडे वळून बघितलं. "बाबा, यात काहीतरी केलंत का तुम्ही? कालच्यासारखं काहीच दिसत नाही."

"धूर घातला."

"अच्छा," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

ती झोपेतून उठली होती. पडदे ओढलेले होते. रात्रपाळीच्या माणसाला वेळेचं भान नसतं, आणि बाहेर धुणं असलं तर कुणालाही कधीही आठवू शकतं. हे सगळं मला कळतं.

मी बारीक ब्रश घेतला आणि कोपऱ्यात, मोहरीच्या खाली, नाव घातलं. मग ब्रश धुतले. ऊन कलल्यावर कपडे मीच आत घेतले.